अवयवदानाचा निर्णय: आयसीयूत, अपघातात आणि घरी मृत्यू झाल्यास घरच्यांनी नेमकं काय करायचं?

सातारकर_टिपण

नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी दोन पानी टिपण तयार करायचं आहे. 'मरावे परी अवयवरूपी उरावे' छापाची पत्रकं कपाटभर आहेत. ती वाचून लोक फॉर्म भरतात, पण वेळ आल्यावर घरच्यांनी कोणाला विचारायचं, सही कुठे करायची, बिलाचं काय, हे त्यात कुठेच नसतं. म्हणून या क्षेत्रातल्या माणसांना विचारतोय.

आयसीयूत 'ब्रेन डेड' असं सांगितल्यापासून पार्थिव ताब्यात मिळेपर्यंत काय काय होतं आणि किती वेळ जातो? माणसाने आधी कार्ड भरलं असेल तरी घरच्यांची संमती लागते का, आणि एकाने नकार दिला तर? अपघाताची केस असेल तर पोलीस आणि पोस्टमार्टेम कसं सांभाळायचं? आणि मृत्यू घरीच झाला तर काय देता येतं? आमचे बहुतेक सभासद जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी राहतात. पुण्यामुंबईतलं मोठं रुग्णालय हाताशी आहे असं धरू नका. प्रेरणादायी गोष्टी कृपया नकोत.

---

आयसीयू_रात्रपाळी

टिपणाच्या पहिल्याच ओळीत हे घाला: कोमा म्हणजे ब्रेन डेड नव्हे. कोमातल्या माणसाचा मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूच्या तळाचा देठ, काही ना काही काम करत असतो. श्वास, खोकला, बाहुलीची हालचाल यांतलं काहीतरी शिल्लक असतं, आणि असा माणूस सुधारू शकतो. मस्तिष्कस्तंभ कायमचा मेला की माणूस परत येत नाही. तरी छाती हलते, कारण हवा व्हेंटिलेटर ढकलत असतो. हृदयाला ठोक्यासाठी मेंदूच्या आज्ञेची गरज नसते, प्राणवायू मिळतोय तोवर ते चालतं. अंग गरम, मॉनिटरवर नाडी, लघवीची पिशवी भरतेय, आणि डॉक्टर म्हणतात माणूस गेला. घरच्यांचा विश्वास बसत नाही यात त्यांची चूक नाही.

तपासणीआधी काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. कारण माहीत हवं: डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव, मोठा झटका, हृदय बराच वेळ बंद पडल्याने मेंदूला झालेली इजा, आणि सीटी स्कॅनशी ते जुळायला हवं. शरीर थंड पडलेलं नको. झोपेची औषधं आणि स्नायू शिथिल करणारी औषधं उतरलेली हवीत. सोडियम, साखर, रक्तदाब ठीक हवेत. ग्रामीण भागासाठी मुद्दाम सांगतो: मण्यारीचा दंश आणि कीटकनाशकाची विषबाधा यांत माणूस हुबेहूब ब्रेन डेड दिसू शकतो आणि तरी पूर्ण बरा होऊ शकतो. अशा रुग्णाबाबत घाईने कोणी हा शब्द उच्चारला तर घरच्यांनी सरळ विचारावं, 'विषाचा परिणाम नाही हे कशावरून ठरवलं?'

तपासणी खाटेशेजारीच होते. बाहुलीवर प्रकाश टाकतात. डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला कापसाचा धागा लावतात. डोकं वळवून डोळे फिरतात का बघतात. कानात सुमारे ५० मिली बर्फाचं पाणी सोडतात. भुवईवर दाबून चेहरा हलतो का पाहतात. श्वासनळीत नळी घालून खोकला येतो का बघतात. शेवटी अ‍ॅपनिया टेस्ट: दहा मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर काढतात, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवतात आणि आठ-दहा मिनिटं छातीकडे बघत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० मिमीच्या वर गेला तरी एकही श्वास नाही, तर चाचणी पूर्ण. मधेच रक्तदाब कोसळला तर ती थांबवावी लागते, आणि मग तासभराचा हिशोब दोन-तीन तासांवर जातो.

हे सगळं दोनदा करतात, मधे किमान सहा तास ठेवून. लहान बाळांमध्ये अंतर जास्त ठेवतात. सह्या चार डॉक्टरांच्या: रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमुख, मान्य यादीतले एक तज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन, आणि उपचार करणारे डॉक्टर. मेंदूचे तज्ज्ञ नसतील तिथे सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा आयसीयूतज्ज्ञ चालतात. यांपैकी कोणीही प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला असता कामा नये. हा कागद म्हणजे फॉर्म १०. तो वाचायला मागा, आणि दुसऱ्या अ‍ॅपनिया टेस्टच्या वेळी एका नातेवाईकाला खाटेपाशी उभं राहू द्या म्हणून सांगा. बरीच युनिट्स परवानगी देतात. दहा मिनिटं छाती हलत नाही हे स्वतः पाहिलं की अर्ध्या शंका तिथेच मिटतात, नंतर तासभर समजावण्याची गरज पडत नाही.

या सहा तासांतच गाडं बहुधा अडतं. मेंदूकडून येणारं एक संप्रेरक बंद झाल्याने लघवी ताशी पाचशे-सातशे मिली होऊ लागते, सोडियम चढतं, रक्तदाब पडतो. व्हॅसोप्रेसिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, भरपूर द्रव, गरम ब्लँकेट, तासातासाला मोजमाप, एवढं केलं तरच अवयव टिकतात. 'आता काही उरलं नाही' म्हणून आयसीयूने हात सैल सोडला तर दुसऱ्या तपासणीआधीच हृदय थांबतं, आणि मग हृदय, यकृत, मूत्रपिंड हा विषय संपतो. डोळे आणि त्वचा तेवढी उरते.

---

समन्वयक_पुणे_विभाग

डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू मांडली, मी कागदाची मांडते.

अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, दुरुस्ती २०११ ची, नियम २०१४ चे. दुरुस्तीनंतर नोंदणीकृत रुग्णालयाच्या आयसीयू डॉक्टरांवर घरच्यांना विचारण्याचं बंधन आहे, त्यामुळे विचारलं म्हणून रागावू नये. पण क्रम महत्त्वाचा. मृत्यूची बातमी आणि दानाचा प्रश्न एकाच वाक्यात आले की बातमीच खोटी वाटते. आधी डॉक्टरांनी मृत्यू सांगावा, घरच्यांना वेळ द्यावा, मग समन्वयकाने बसून बोलावं. पहिल्या तपासणीच्याही आधी कोणी दानाचं बोलू लागलं तर 'दुसरी तपासणी होऊ द्या, मग बोलू' असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

कार्डाबद्दल. हयातीत भरतो तो फॉर्म ७. लेखी इच्छा दोन साक्षीदारांसमोर हवी, त्यातला किमान एक जवळचा नातेवाईक. आता 'नोटो'च्या (अवयवदानाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) संकेतस्थळावर आधार जोडूनही नोंद करता येते. पण प्रत्यक्षात कार्ड असो वा नसो, घरच्यांची फॉर्म ८ वर सही घेतल्याशिवाय कोणतंही रुग्णालय पुढे जात नाही. मृत व्यक्ती अठराच्या आत असेल तर आईवडिलांपैकी एकाची सही, फॉर्म ९ वर.

एकाने नकार दिला तर? कार्ड नसेल तेव्हा पार्थिवाचा कायदेशीर ताबा असलेली व्यक्ती संमती देऊ शकते, पण जवळच्या नातेवाईकाचा आक्षेप आहे असं मानायला जागा असेल तर नाही, असं कायदाच सांगतो. जवळचे नातेवाईक म्हणजे पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी, आजोबा, नातवंडं. काका, मामा, मेहुणे, जावई त्यात नाहीत. पण आयसीयूबाहेरच्या बाकावर सगळ्यात मोठा आवाज बहुतेकदा त्यांचाच असतो. म्हणून आधीच ठरवून ठेवा की बोलणारा माणूस एकच, आणि त्याने पत्नीला (किंवा पतीला) आणि मुलांना शेजारी घेऊन बसायचं. दुबईत किंवा पुण्यात असलेल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घ्या. तो पोहोचेपर्यंत सही थांबवू म्हटलं तर तोवर हृदय थांबायची शक्यता खरी आहे.

फॉर्म ८ मध्ये कोणते अवयव आणि ऊती द्यायच्या ते वेगवेगळं लिहितात. हृदय, फुफ्फुसं, यकृत, दोन मूत्रपिंडं, स्वादुपिंड, लहान आतडं, कॉर्निया (डोळ्याचा पारदर्शक पडदा), त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा. सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. 'डोळे नकोत, बाकी घ्या' असं लिहून देता येतं, आणि शस्त्रक्रिया सुरू होईपर्यंत मन बदलताही येतं. 'सर्व अवयव' असं मोघम लिहू नका. त्वचेचा अर्थ घरच्यांना नीट सांगितलेला नसला की नंतर कटुता येते.

वेळ: पहिल्या तपासणीपासून पार्थिव हातात पडेपर्यंत साधारण २४ तास धरा. सहा तास अंतर, मग संमती, मग अवयवांचं यादीनुसार वाटप करणाऱ्या विभागीय समितीकडे नोंद. राज्यात अशा समित्या मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तुमचा सातारा पुण्याकडे. मग रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, इको, सोनोग्राफी, मूत्रपिंडासाठी क्रॉसमॅच (दाता आणि घेणारा यांचं रक्त जुळतं का ही तपासणी), आणि बाहेरच्या टीम यायचा वेळ. ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, चार ते सहा तास. गुरुजींना आणि गावाला 'उद्या दुपारनंतर' एवढंच सांगा. नेमकी वेळ जाहीर केली की ती पुढे सरकते आणि स्मशानात माणसं ताटकळतात.

बिलाचा नियम स्पष्ट आहे: मृत दात्याची देखभाल, अवयव काढणं, जपणं, नेणं यांचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घ्यायचा नाही. त्याआधीच्या उपचारांचा खर्च मात्र कुटुंबाचाच. गोंधळ होतो तो रेषा कुठे ओढायची यावर. सही करताना तारीख आणि वेळ लिहा, त्याच वेळी बिलिंग काउंटरला लेखी सांगून 'या वेळेपर्यंतचं अंतरिम बिल' मागून घ्या. कॅशलेस विमा असेल तर टीपीएलाही (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था) तीच वेळ जाते. आणि सगळं बिल माफ करतो म्हणून सही मागणारा भेटला तर सावध व्हा. संमतीच्या बदल्यात पैसे किंवा माफी हा कायद्याने गुन्हा आहे.

अवयव कोणाला, हे कुटुंबाला ठरवता येत नाही. ते यादीनुसार ठरतं, आणि दोन्ही बाजूंची नावं गुप्त ठेवायची असतात. पेपरवाले फोन करतील. फोटो द्यायचा की नाही हे तुमच्या हातात आहे, आणि रुग्णालयाला तसं आधीच सांगून ठेवता येतं.

---

सातारकर_टिपण

ताई, डॉक्टर, दोघांचेही आभार. दोन उपप्रश्न. सह्या झाल्यावर हात हलला म्हणून नातेवाईक हादरले, असं ऐकायला येतं; ते काय असतं? आणि आमच्या बहुतेक दवाखान्यांना प्रत्यारोपणाचा परवानाच नाही. मग तिथे सगळं थांबतं का?

---

आयसीयू_रात्रपाळी

हात हलणं पाठीच्या कण्यातून येतं. मज्जारज्जू मेंदूपासून सुटा झाला तरी त्याच्या स्वतःच्या प्रतिक्रिया शिल्लक असतात: पायाची बोटं वळणं, मांडी आखडणं, क्वचित दोन्ही हात छातीवर येणं. अ‍ॅपनिया टेस्टच्या वेळी किंवा मान वाकवताना हे जास्त दिसतं. त्याने निदान बदलत नाही. पण हे आधी सांगितलं नसेल आणि मग दिसलं, तर घरचे नकार देणारच, आणि मी तरी त्यांना दोष देणार नाही. भूलतज्ज्ञ ओटीत स्नायू शिथिल करणारं औषध देतात ते याच प्रतिक्रियांसाठी, वेदनेसाठी नाही.

परवान्याचं: २०११ च्या दुरुस्तीनंतर प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयालाही अवयव काढण्याचं केंद्र म्हणून नोंदणी करता येते. आयसीयू आणि ओटी हवी, नोंदणी हवी. शस्त्रक्रिया बाहेरून आलेली टीम करते. संघाला खरोखर काही काम करायचं असेल तर जिल्ह्यातली अशी नोंदणी असलेली रुग्णालयं कोणती, ही यादी पुण्याच्या समितीकडून आणून टिपणात छापा. बाकी सगळ्यापेक्षा ती उपयोगी पडेल. नोंदणी नसेल तर रुग्णाला कार्डिअ‍ॅक अँब्युलन्सने हलवावं लागतं, व्हेंटिलेटर आणि चालू इंजेक्शनांसकट. रक्तदाब तीन-तीन औषधांवर टांगलेला असेल तर रस्त्यात हृदय थांबण्याची भीती मोठी असते. अशा वेळी न हलवणंच शहाणपणाचं.

अवयव बाहेर काढल्यावरचं घड्याळही वेगळं असतं. हृदयाला सुमारे चार तास, फुफ्फुसांना सहा, यकृताला बारापर्यंत, मूत्रपिंडांना चोवीस किंवा थोडं जास्त. साताऱ्याहून हृदय मुंबईला न्यायचं तर रस्ता मोकळा हवा, म्हणून ग्रीन कॉरिडॉर. मूत्रपिंडाला एवढी धावपळ लागत नाही.

---

न्यायवैद्यक_वाचक

अपघात, पडणं, भाजणं, आत्महत्या, विषबाधा: सगळ्या वैद्यकीय-कायदेशीर केस. दान करता येतं, पण पोलीस आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांना वगळून नाही. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ठाणे अंमलदाराला किंवा रुग्णालयातल्या पोलीस चौकीला विनंतीपत्र द्यायचं, त्याची प्रत पीएम (पोस्टमार्टेम) करणाऱ्या डॉक्टरांना. मृत्यूच्या कारणाशी ज्या अवयवाचा संबंध नाही तो काढायला कायद्यात मुभा आहे. डोक्याला मार लागून गेलेल्या माणसाची मूत्रपिंडं न्यायवैद्यक डॉक्टरला पुराव्यासाठी सहसा लागत नाहीत. पोटाला मार असेल तर यकृताबाबत तो आक्षेप घेऊ शकतो, आणि तो रास्त असतो. विषबाधेत व्हिसेरा (तपासणीसाठी आतल्या अवयवांचे नमुने) लागतो, तिथे अडचण जास्त.

पत्र कधी द्यायचं हा कळीचा मुद्दा. दुसरी तपासणी होऊन सही झाल्यावर धावाधाव सुरू केली तर पंचनाम्यासाठी हवालदार यायलाच तीन-चार तास जातात. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असेल तर 'हद्द कोणाची' हा घोळ वेगळाच. पहिली तपासणी होताच ठाण्याला कल्पना द्या. न्यायवैद्यक डॉक्टर ओटीत हजर राहिले तर त्यांची बाह्य पाहणी आणि अवयव काढतानाच्या नोंदी एकत्र होतात आणि नंतरचं पीएम लवकर आटोपतं.

एक गोष्ट नातेवाईकांनी स्वतः तपासावी: मृत्यूची वेळ. फॉर्म १०, मृत्यूचं प्रमाणपत्र आणि पंचनामा या तिन्हींवर एकच वेळ हवी, दुसऱ्या तपासणीची. कुठे हृदय थांबल्याची वेळ पडते, कुठे पार्थिव ताब्यात दिल्याची. मध्यरात्र उलटली असेल तर तारीखच वेगळी होते, आणि विम्याच्या दाव्यात तेवढ्यावरून पत्रव्यवहार सुरू होतो. कागद हातात पडताच वाचा. नंतर दुरुस्तीला महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या खेपा आल्याच.

---

नेत्रपेढी_तंत्रज्ञ

घरी मृत्यू झाला तर मूत्रपिंड, यकृत वगैरे देता येत नाहीत. हृदय थांबल्यावर ते काही मिनिटांत खराब होऊ लागतात. कॉर्निया आणि त्वचा देता येते. दोन्हींसाठी सहा तासांची मर्यादा धरा, आणि तो वेळ मृत्यूपासून मोजतात, तुम्ही फोन केल्यापासून नव्हे. अंतर जास्त असेल तर पहिला फोन नेत्रपेढीलाच, नातेवाईकांना त्यानंतर.

फोन झाल्यावर करायचं ते असं. डोळे मिटवा आणि पापण्यांवर ओला कापूस ठेवा. पंखा बंद, एसी असेल तर चालू. डोक्याखाली दोन उशा, म्हणजे डोळ्यांत रक्त साचत नाही आणि नंतर काळं पडत नाही. पंखा बंद करायचं सगळ्यात जास्त विसरलं जातं. माणसं जमतात, उकडतं, कोणीतरी पंखा लावतो, अर्धवट उघड्या डोळ्यांचा पडदा तासाभरात कोरडा पडतो आणि आमचं येणं फुकट जातं.

कागद: मृत्यूचं प्रमाणपत्र. घरी मृत्यू झाला तर फॉर्म ४-अ, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. हा कागद रात्री दोन वाजता कोण देणार ते आजारी माणूस घरी आणल्याच दिवशी फॅमिली डॉक्टरांना विचारून ठेवा. शिवाय संमती देणाऱ्या नातेवाईकाचं ओळखपत्र, दोन साक्षीदार आणि शेवटची औषधांची फाइल. ती आम्ही वाचतोच: रेबीज, एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, धनुर्वात, रक्ताचा कर्करोग, जंतुसंसर्ग सर्वांगात पसरलेला, किंवा मृत्यूचं कारणच माहीत नसणं, यांत डोळे घेत नाही. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब, ऐंशीच्या पुढचं वय यांनी अडत नाही.

आमचं काम पंधरा-वीस मिनिटांचं. साधारण १० मिली रक्त घेतो. बहुतेक ठिकाणी आता पूर्ण डोळा काढत नाहीत, वरचा पारदर्शक पडदा तेवढा काढतात आणि त्यावर टोपी बसवतात, चेहऱ्यात फरक दिसत नाही. अंत्यदर्शनाला आड येत नाही, पैसे लागत नाहीत. पडदा एमके द्रावणात ४ अंशावर ठेवला तर चार दिवस टिकतो, काही द्रावणांत चौदा दिवस. मग पेशी मोजतात. दर चौरस मिलिमीटरला दोन हजारांच्या वर पेशी असल्या तर दृष्टीसाठी वापरण्याजोगा. कमी असल्या तर दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेला किंवा शिक्षणाला. म्हणजे दिलेला प्रत्येक डोळा बसवला जातोच असं नाही, आणि हे घरच्यांना आधी सांगावं असं माझं मत. नंतर समजलं तर फसवल्यासारखं वाटतं.

त्वचेबद्दल गैरसमज जास्त. मांड्या, पाय आणि पाठीवरून कागदाइतका पातळ वरचा थर यंत्राने घेतात. चेहरा, छाती, हात यांना हात लावत नाहीत. रक्त वाहत नाही, नंतर पट्ट्या बांधून देतात. पाऊण तास लागतो. दाता अठराच्या पुढचा हवा, त्वचेचा कर्करोग किंवा पसरलेला त्वचारोग नको. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षं टिकते आणि भाजलेल्या रुग्णावर तात्पुरतं आवरण म्हणून घालतात, त्यामुळे रक्तगट जुळवावा लागत नाही. मुंबईत सायन रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे, पुण्यातही सोय आहे. पण टीम किती किलोमीटरपर्यंत येते हे प्रत्येक पेढीचं वेगळं असतं. छापण्याआधी फोन करून अंतर विचारा आणि तेच लिहा. साताऱ्यातल्या गावाला पुण्याचा नंबर देऊन उपयोग नाही.

---

सातारकर_टिपण

पुरेसं मिळालं. देहदानाचा उल्लेख करावा का? आमच्या अर्ध्या सभासदांनी तोही फॉर्म भरला आहे.

---

समन्वयक_पुणे_विभाग

करा, पण वेगळ्या परिच्छेदात. देहदान शरीररचना शास्त्राच्या कायद्याखाली (१९४९ चा) येतं, अवयवदानाशी त्याचा कागद जुळत नाही. नेत्रदानानंतर महाविद्यालयं देह घेतात. त्वचा दिली असेल तर काही घेतात, काही नाही. अवयव काढले असतील किंवा पोस्टमार्टेम झालं असेल तर बहुतेक घेत नाहीत. देह रसायनात ठेवायला रक्तवाहिन्या शाबूत लागतात, आणि कापलेल्या शरीरात द्रव टिकत नाही. म्हणून दोन्ही फॉर्म भरलेल्या सभासदाने घरच्यांना क्रम लिहून द्यावा: आयसीयूत ब्रेन डेड ठरलो तर अवयव आणि मग अंत्यसंस्कार, घरी गेलो तर आधी डोळे, मग देह महाविद्यालयाला. खाली महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाचा आणि नेत्रपेढीचा नंबर. तो कागद आधार कार्डासोबत ठेवा, कपाटातल्या लॉकरमध्ये नको. लॉकर दहाव्यानंतर उघडतात.